वळण मोजायचं राहिलं!

मोजणीच्या कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला माप शिकवायचं नसतं! हे मी बायकोला तीनदा सांगितलं.

"अहो, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावं लागतं अशी आपली गल्ली! त्यातून सोफा कसा येणार?"

"गल्ली तीन फूट, सोफा दोन फूट दहा इंच. दोन इंच उरतात!"

सोफा आईसाठी होता. गुडघे गेल्यापासून तिला जमिनीवर बसता येईना. तीन महिने ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, भिंतीकडे बघत पडून असायची. मला ते बघवत नव्हतं.

दोन हमालांनी सोफा गल्लीत घातला. दोन इंच खरोखर उरले! मी मान ताठ करून पुढे. पण सुतारकाकांच्या दारापाशी गल्ली काटकोनात वळते, आणि सोफा सात फूट लांब.

"रेटा!" मी म्हणालो.

त्यांनी रेटला. सोफा बाटलीच्या बुचासारखा जो बसला, तो ना पुढे ना मागे! पलीकडे पोस्टमन अडकला.

"कोणाचं हे?" तो ओरडला.

"मोजणीवाल्यांचं!" बायको म्हणाली. 'आमचं' नाही हं, 'मोजणीवाल्यांचं'!

सुतारकाका दारात आले. "अरे, या गल्लीतून आत फक्त लाकूड यायचं! तुझ्या बापाचा पलंग मी तुमच्या खोलीत बसून केलाय. आजही तो बाहेर निघायचा नाही."

"मग आधी सांगायचं ना, काका!"

"तू विचारलंस कुठे? टेप घेऊन रुबाबात फिरत होतास!"

आरडाओरडा ऐकून पलीकडून काठी टेकत चक्क आई आली. "काय करून ठेवलंस रे हे?" म्हणाली आणि दमून सोफ्यावरच बसली. पोस्टमनने गुडघ्यांची चौकशी केली. दोन्ही बाजूंनी शेजारी जमले. जाता कोणालाच येत नव्हतं, म्हणून सगळे गप्पा मारत उभे राहिले. आई खळखळून हसली.

काकांनी करवत आणली. "दहा मिनिटांत दोन तुकडे करतो."

"घाई काय आहे?" आई म्हणाली. दुपारपर्यंत तिने करवतीला हात लावू दिला नाही.

सोफा आता घरात आहे, मधोमध जोडलेला. त्यावर मी बसतो. आई रोज सकाळी वळणावर जाऊन काकांच्या दगडी पायरीवर बसते. पायरी बरोबर सोफ्याएवढीच उंच आहे.

मोजली मी. नंतर!