नवसाचा कोंबडा

दयाराम सकाळी परसात आला, तर खुराड्याखाली हातभर खड्डा आणि तीन कोंबड्या गायब. कोल्ह्याने खालून माती उकरली होती. नवसाचा कोंबडा तेवढा वरच्या दांडीवर बसल्यामुळे वाचला होता. त्याला पाहून दयारामच्या जिवात जीव आला. एकतीस सालची ही गोष्ट. मुलगा धर्मा मुंबईला गिरणीत जाऊन चार वर्षं झाली होती, आणि 'तो घरी आला की कोंबडा देईन' असं दयाराम वेशीवरच्या देवाला बोलला होता. बायको कधीच गेलेली. कोंबडाही गेला तर देवाला काय तोंड दाखवणार?

दयाराम जन्मभर मिठागरात राबलेला. खेकड्यांनी बांध पोखरू नये म्हणून तो बांधाच्या पोटात कालवांच्या धारदार शिंपल्या पुरत असे. तोच इलाज त्याने खुराड्याला केला. पण घाईत शिंपल्या धुवायच्या राहिल्या, आणि त्या वासावर दुसऱ्या दिवशी एकाच्या जागी तीन कोल्ह्यांची पावलं उमटली. कोंबडाही कमी नव्हता. शिंपल्या टोचून खाण्यासाठी त्याने आतून उकरायला घेतलं.

"तुला मरायची येवढी घाई?" दयारामने विचारलं.

कोंबड्याने मान वाकडी करून ऐकलं. गावात दयारामचं इतकं लक्ष देऊन दुसरं कोणी ऐकत नव्हतं.

शेवटी त्याने खुराड्याभोवती चर खणून दगड भरले. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तो कोंबड्याशी जेवढं बोलला, तेवढं चार वर्षांत कोणाशी बोलला नव्हता. काम संपलं त्याच दिवशी देवाचा पुजारी भिकू गुरव टपालाचं कार्ड घेऊन आला.

"दयारामदादा, धर्मा येतोय शनवारी," कार्ड वाचून तो म्हणाला. "कोंबडा तयार हाय न्हवं?"

"हाय," दयाराम म्हणाला, आणि त्याला रडू आलं. गुरवाला वाटलं, आनंदाचं आहे. निम्मं होतंही.

शनिवारी दुपारी दयारामने कोंबडा भाताच्या रिकाम्या कणगीत लपवला, पहार घेतली आणि स्वतःच भरलेले दगड उपसून खुराड्याखाली खड्डा केला. संध्याकाळी धर्मा आला. बापाने त्याला पोटाशी धरलं, मग नवसाचं विचारायला आलेल्या गुरवाला खड्डा दाखवला.

"काय करू? कोल्ह्यानं नेला."

गुरवाने वाकून पाहिलं. "कोल्ह्याकडं पहार व्हती काय?"

नेमका तेव्हाच कोंबडा कणगीत आरवला. दयारामने मान खाली घातली.

"नवस म्हंजे नवस," गुरव म्हणाला. "उद्या दोघं बापलेक देवाकडं या."

"उद्या?" धर्मा चाचरत म्हणाला. "उद्या सकाळच्या बोटीनं मी परत चाललोय. सुट्टीच न्हाय."

गुरवाने एकदा धर्माकडे, एकदा दयारामकडे पाहिलं.

"याला घरी येनं म्हनत न्हाईत," तो अखेर म्हणाला. "देवानं तुझं काम अजून केलं न्हाय, दादा. कोंबडा ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी धर्माला बोटीवर पोचवून दयाराम घरी आला आणि खड्ड्यात पुन्हा दगड भरायला बसला. कोंबडा शेजारी येऊन उभा राहिला.

"पुढच्या शिमग्याला येतो म्हनालाय," दयारामने त्याला सांगितलं. दोन दगड बसवून झाल्यावर तो म्हणाला, "तू घाबरू नको. दर साली असंच म्हनतो."