गोदीचा सहावा काटा

आमच्या शेजारचे दिनकर गुरुजी आल्यागेल्यापुढं चहाच्या आधी कुंकवाचा करंडा उघडायचे. बायका सवयीनं कपाळ पुढं करायच्या. आत कुंकू नसायचं. कापसावर पाच काटे असायचे, बोटाएवढे लांब, करवतीसारखे दातेरी, आणि प्रत्येकाखाली तिथीची चिठ्ठी. एकीवर : ‘माघ वद्य पंचमी, स्वाती नक्षत्र. काटा गळाला.’

काटे गोदीचे. गोदी म्हणजे गुरुजींचा गोड्या पाण्यातला स्टिंगरे मासा. परातीएवढी, चपटी, शेपटीवर विषारी काटा. जुना गळतो, नवा येतो. अख्खं औंढा गाव तिला ‘गुरुजींची भाकर’ म्हणायचं. नांदेडला एका माशांच्या दुकानाची वास्तुशांत करायला गुरुजी गेले आणि येताना हिला घेऊन आले. काकू, गुरुजींच्या पत्नी, जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. काकूंचा पलंग हलवून त्या जागी काचेची मोठी टाकी आली.

चाळीस वर्षं देवळात अभिषेक सांगणारा माणूस भल्या सकाळी परसात खुरपं घेऊन गांडुळं शोधतो, हे गावाच्या पचनी पडेना. गुरुजी आधी गोदीला चारायचे, मग आंघोळ करून सोवळं नेसायचे.

“तिचा आहार तिला, आपला आपल्याला. शास्त्र आहे, सर.”

कशालाही त्यांचं शास्त्र असायचंच. एकदा मी मुद्दाम गोदीचं गोत्र विचारलं.

“काश्यप. ज्याचं ठाऊक न्हाई त्याचं काश्यप. शास्त्र आहे.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

पाण्यात हात घातला की गोदी त्यांच्या तळव्याखाली येऊन बसायची. काटा मारत नाही का, विचारलं तर म्हणायचे, “घरच्याला काहून मारील?”

यंदा पाडव्याला त्यांच्या मनानं घेतलं. तोवर गोदीचं पाणी प्लास्टिकच्या पिंपात साठवून टाकीत जायचं. “आपण तांब्याचं पाणी प्यावं अन् घरच्या लेकराला प्लास्टिकमधलं? बराबर न्हाई.” काकूंचा तांब्याचा हंडा माळ्यावरून काढला. चिंच लावून घासायला मीही बसलो. रोज त्यातलं शिळं पाणी टाकीत पडू लागलं.

आठवड्याभरात गोदीनं खाणं सोडलं. गुरुजींनी दिवसाला दोन हंडे सुरू केले. मी नांदेडच्या त्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं पाणी कशातलं ते विचारलं, मी सांगितलं.

“अहो, तांबं म्हणजे जहर हे तिला.”

मी धावतच गेलो. गुरुजी टाकीपाशी बसले होते, कोपरापर्यंत ओले. गोदी गेली होती.

“वय झालं असेल,” एवढंच मी म्हणालो. खरं सांगायची छाती झाली नाही. हंडा मीही घासला होता.

तेराव्या दिवशी भेटायला गेलो. गुरुजींनी पाणी आणून दिलं, स्टीलच्या पेल्यात. हंडा परसात पालथा पडला होता.

“तुमी सांगितलं न्हाई, सर. दुकानदारानं सांगितलं.”

मला मान वर करवेना. शेजारी करंडा उघडा होता. काटे पाचच. शेपटीवरचा शेवटचा कुठं आहे, मी विचारलं.

“तिच्यापाशीच राहू दिला. पारिजातकाखाली.” आज त्यांनी शास्त्र काढलं नाही. स्वतःचा तळवा उलटा-सुलटा करून बघत राहिले.

“पाणी ओतताना रोज या हाताखाली येऊन बसायची. एकदाबी मारला न्हाई तिनं,” ते म्हणाले. “मारायचा होता, सर.”