सामायिक मोटारीसाठी राखीव

२००८ साली सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलने नवीन ऑफिस बांधलं, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाने पत्र पाठवून विचारलं की ही इमारत हरित आहे काय. मॅनेजर भूपेंद्रभाईंनी ताबडतोब तिला हिरवा रंग दिला. तेवढ्याने भागत नाही, प्रमाणपत्र लागतं, असं कळल्यावर बडोद्याहून कुंदनसाहेब नावाचे सल्लागार आले. त्यांनी खिडक्या मोजल्या, कुंड्या मोजल्या आणि सांगितलं, "एका मुद्द्यावर तुम्ही नापास आहात. धूर कमी व्हावा म्हणून एका मोटारीतून मिळून येणाऱ्यांसाठी दाराजवळची जागा राखून ठेवावी लागते. एकूण जागांच्या पाच टक्के."

मिलमध्ये मोटारींच्या जागा सहा. सहाचे पाच टक्के म्हणजे मोटारीचं बॉनेट आणि पुढची चाकं. पण बॉनेटपुरती जागा राखता येत नाही, म्हणून अख्खी जागा राखायचं ठरलं. दाराजवळची, कडुनिंबाखालची.

त्या कडुनिंबाखाली गेली सात वर्षं दगाची रिक्षा उभी असे. दगा सुरतेच्या लिंबायतेतून रोज नऊ खानदेशी कामगार भरून आणी आणि संध्याकाळी तेवढेच परत नेई. कापडाच्या घडी खात्यातल्या शोभाबाई गुडघेदुखीमुळे पुढे, दगाच्या शेजारी बसत. सोमवारी गेटवाल्या भटूने रिक्षा अडवली आणि पाटी दाखवली.

"काय लिखेल शे?" दगाने विचारलं.

"सामायिक मोटारीसाठी राखीव. एका गाडीत तीन माणसं तरी पाहिजेत."

"मंग आमनी शे ना भो! नऊ जन शेतस," शोभाबाई म्हणाल्या. "तीन गाड्यांचं पुण्य एकीत!"

भटू आत जाऊन विचारून आला. रिक्षाला तीन चाकं असतात आणि फॉर्मात चारचाच रकाना आहे, असा खुलासा झाला. रिक्षा गेटबाहेर गेली.

जागा रिकामी राहिली. कुंदनसाहेबांनी तर तीन महिन्यांच्या वापराची नोंदवही मागितली होती. मॅनेजर, अकाउंटंट आणि रंगमास्तर हे तिघे घोडदोड रोडच्या एकाच बिल्डिंगमध्ये राहत आणि तीन मोटारींतून येत. एकत्र येण्याचा प्रयोग एक दिवस झाला. मास्तरांना गुटखा थुंकायला काच खाली हवी, मॅनेजरांना एसीसाठी वर हवी, आणि अकाउंटंटना मागे बसलं की मळमळतं. शेवटी मधला मार्ग निघाला. तिघांनी आपापल्या मोटारीतून गेटपर्यंत यायचं, गेटवर तिघांनी एका मोटारीत बसायचं आणि चाळीस पावलं मिळून जायचं. अकाउंटंट तेवढा वेळ श्वास रोखून धरत. भटू गंभीरपणे वहीत लिही : सामायिक मोटार एक, माणसं तीन.

उरलेल्या दोन मोटारी आत दिसून चालणार नव्हतं, त्यांना गेटबाहेर जागा लागली. ती दगाने अडवलेली होती. म्हणून रिक्षा हायवेच्या पलीकडे गेली.

आठव्या दिवशी हायवे ओलांडताना शोभाबाईंचा गुडघा मध्येच अडला. चलथाणच्या कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रक करकचून थांबला, पण हातातला डबा उडाला आणि चाकाखाली गेला. रिक्षातल्याच मालतीबाईंनी त्यांना ओढून कडेला आणलं. शोभाबाईंनी चपटा डबा उचलला आणि सरळ मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"साहेब, हा माझा डबा. उद्या याच्या जागी मी."

भूपेंद्रभाई माणूस वाईट नव्हते. त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं. "शोभाबेन, आजपासून तुम्ही हायवे ओलांडायचा नाही!"

"मग रिक्षा आत घ्या."

"ते नियमात नाही बसत."

त्यांनी बडोद्याला फोन लावला. कुंदनसाहेब म्हणाले, "आत सोडाच, ती रिक्षा इमारतीतून दिसतासुद्धा कामा नये. धूर किती काढते!" तेव्हा शोभाबाई आणि कुंदनसाहेब दोघांचंही समाधान करण्यात आलं. रिक्षा हायवेच्या अलीकडेच, पण अर्धा किलोमीटर मागे, पेट्रोल पंपाच्या वळणाआड माणसं उतरवू लागली. तिथून मिलपर्यंत कामगारांनी चालायचं. ओलांडणं नाही आणि धूर दिसणं नाही.

तपासणीच्या सकाळी कुंदनसाहेब आले. तेव्हा कळलं की तपासनीसही तेच आहेत. मोठ्या मोटारीत एकटेच होते. मोटार त्यांनी राखीव जागेत घातली.

"साहेब, तीन माणसं लागतात," भटू म्हणाला.

"मी येण्यासाठी नाही आलो, तपासण्यासाठी आलोय."

त्यांनी नोंदवही चाळली आणि खिडकीशी गेले. खाली रस्त्याच्या कडेने माणसांची रांग येत होती. सगळ्यांत पुढे शोभाबाई, कमरेवर हात ठेवून, लंगडत.

"हे सगळे चालत येतात?"

भूपेंद्रभाईंनी मान डोलावली. "रोज," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"धुराशिवाय!" कुंदनसाहेबांनी हात जोडले. "ही जाणीव शहरात नाही सापडत." पायी येणाऱ्यांचे जादा गुण त्यांनी तिथल्या तिथे भरले आणि खिडकीतून फोटो काढला.

दोन महिन्यांनी प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. सोबतच्या माहितीपत्रकात शोभाबाईंचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'पर्यावरणाच्या दिशेने एक पाऊल'. भटूने ते वाचून दाखवलं. शोभाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"दगा, यामा तुनी रिक्षा कोठे शे रे?"

आणि इतक्या हसल्या की त्यांना गुडघा धरून खाली बसावं लागलं.

त्या मिलच्या कापडाच्या घडीत आता एक छोटं हिरवं पान चिकटवलेलं असतं. गेल्या दिवाळीला तुम्ही घेतलेल्या साडीतही ते होतं. तुम्ही ते शेजाऱ्यांना आवर्जून दाखवलंत, पृथ्वीबद्दल थोडं बोललात, आणि मग दोन्ही घरं एकाच लग्नाला आपापल्या गाडीने गेलात.