दोन्ही बाजूंचे माने सर

आमच्या शेजारचे माने सर कुठलाही प्रश्न उभ्यानं सोडवतात. "सर, चहा टाकू का?" एवढंच विचारून बघा. उठतील, खिडकीपाशी जाऊन चहा का घ्यावा ते सांगतील, मग समोरच्या भिंतीपाशी जाऊन का घेऊ नये ते सांगतील. तोवर दूध उतू जातं आणि निस्तरायचं मी! वर हे आहेच, "दोन बाजू हायत की, वहिनी."

हे खूळ त्यांनी अमेरिकेहून आणलं. माढ्याचा हा माणूस बहात्तर साली शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेला. तिथल्या वर्गात मास्तर एखादा नैतिक पेच सांगायचे. 'हो' म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे जायचं, 'नाही' म्हणणाऱ्यांनी भिंतीकडे, आणि मग तासभर कडाकडा भांडायचं. पोरं मास्तरांना नावानं हाक मारून खोटं पाडायची म्हणे! बाई गं.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "समजा, माझी आई आता वाचत नाही. तिला खरं सांगावं का?" वर्ग दोन्हीकडे पळाला. सर आपले मधेच उभे.

"मला कायबी सुचंना. ह्यांची आई मरायला टेकली, आन् ही भांडत बसल्यात!"

दुसऱ्या दिवशी सर संत्री घेऊन मास्तरांच्या घरी, त्यांच्या आजारी आईला भेटायला. दार कुणी उघडावं? आईनंच! हातात टेनिसची बॅट, खेळायला निघालेली. "संत्री ठिवून घेतली मात्र म्हातारीनं," असं सर सांगतात.

हे ऐकून मी शंभरदा हसले असेन. गेल्या उन्हाळ्यात मात्र पेच माझ्यावरच आला. आमच्या ह्यांना हार्टचा झटका आला. दवाखान्यात माझा हात धरून ह्यांनी बजावलं, "सुधीरला कळवू नकोस. परीक्षा होऊ दे." सुधीर आमचा एकुलता, पुण्याला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. पेपर सुरू झालेले. इकडे डॉक्टर म्हणत होते, दोन दिवस निघाले तर बघू. कळवावं तर पोराचं वर्ष जाणार, न कळवावं तर... माझं डोकंच चालेना. बाहेर बाकावर सर बसले होते, त्यांनाच विचारलं. म्हटलं, आता सर उठून फेऱ्या घालणार आणि मी त्यांच्यावर खेकसणार.

सर उठलेच नाहीत. "तार करा," म्हणाले.

"अहो, पण दुसरी बाजू?"

"न्हाय दुसरी बाजू."

सर खाली मान घालून बोलायला लागले.

"मी तिकडं असताना दादाची पत्रं यायची. आई बरी हाय, तुझी आठवण काढती. मी लिवायचो, आईला सांग स्वेटर घेतला. आईला सांग, भाकरी जमाय लागली. आई कवाच गेली हुती, वहिनी. जाताना तिनंच दादाला शपत घातली, पोराचं शिक्शान हुईस्तवर कळवायचं न्हाय म्हणून. आठ म्हैनं मी गेलेल्या आईला निरोप धाडत हुतो. दादा चुकला का बरोबर, मला आजून कळंना."

मला रडू आवरेना. ह्यांचा शब्द मोडायचं मी ठरवलं, पण तारेत लिहावं काय तेच सुचेना. सरांनीच कागद ओढून लिहिलं, 'वडील आजारी. जिवंत आहेत. ये.'