हीराचा झोका आणि तेलाचं मशीन

वस्तू पारखावी ती माझ्यासारख्याने! हे मीच सांगतो, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगत नाही. धुळ्याच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो. सायकल घेताना मी दुकानदाराला चेन उतरवून दाखवायला लावली होती, आणि शिलाई मशीन घेताना तर त्याने शेवटी मला हात जोडले होते. तेव्हा वेल्डिंगचं मशीन निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, अशी माझी समजूत होती.

मागच्या पडवीला मी वर्कशॉप म्हणतो. घरचे तिला पडवीच म्हणतात. तिथे माझा एक शिकंजा आहे, करवती आहेत, कानशी आहेत आणि अर्धवट राहिलेली बरीच कामं आहेत. लोखंड जोडायची सोय तेवढी नव्हती.

लोखंड जोडायचं कारणही तसंच होतं. अंगणातला निंब गेल्या वादळात पडला. त्या जागी मी हौसेने शहाबादी फरशी बसवून घेतली, आणि अंगण कसं आरशासारखं झालं म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसलो. मग मार्गशीर्षात आमच्या हीराचं लग्न झालं, ती यावलला गेली, आणि बघता बघता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येणार आणि आली की झोका खेळणार. त्यात ही लग्नानंतरची पहिली आखाजी.

हीराच्या सासूबाईंनी एका पाहुण्याबरोबर निरोप धाडला. तुमच्याकडे आता झाड नाही, झोका कुठे बांधणार? आमच्या मळ्यात चिंचेला मोठा झोका बांधतोय, तर पोरीला यंदा इथेच राहू द्या. निरोप गोड होता, पण केसरच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या संध्याकाळी खिचडीवर तूप पडलं नाही. मला ते बघवेना. मी पाहुण्याला सांगून टाकलं, "विहीणबाईंना म्हणावं, लोखंडाचा झोका तयार आहे. पुतण्या येतोय मुऱ्हाळी म्हणून न्यायला, पोरीला पाठवून द्या."

तयार काय होतं, तर फक्त माझं तोंड! पाइप अजून दुकानात होते.

केसरचं म्हणणं होतं, पाइप घ्या, बाजारात कोणाकडून तरी जोडून आणा, मोकळे व्हा. सल्ला अगदी सरळ होता, म्हणूनच मला तो पटला नाही. दुसऱ्याने जोडलेला झोका बापाचा कसा म्हणायचा? मी तिला तसं सांगितलं. ती भांडी जरा मोठ्याने घासू लागली.

मी अभ्यासाला लागलो. शाळेच्या लायब्ररीत वेल्डिंगवर एक इंग्रजी पुस्तक होतं, ते माझ्याआधी कोणी उघडलेलं नव्हतं. त्यात आरगॉन वायूच्या वेल्डिंगचं एक प्रकरण होतं. काय ती पद्धत! धूर नाही, ठिणग्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमसुद्धा लोण्यासारखं जुळतं. मी ठरवलं, घ्यायचं तर हेच. भिकमचंद शेठ आग्रा रोडवर लोखंडी सामान आणि मशिनरी विकतात. त्यांच्या गादीवर बसून मी अर्धा तास त्यांना आरगॉन समजावून सांगितला. शेठ मान डोलावत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ते मशीन विमानाच्या कारखान्यात असतं. तुम्हाला काय बनवायचंय?"

"झोका."

शेठ विचारात पडले. "तोही उडतो म्हणा," ते म्हणाले. "पण विजेवरचं साधं मशीन चालेल त्याला."

साधी मशिनं त्यांच्याकडे दोन होती. एक नवंकोरं, निळ्या रंगाचं, आत पंखा असलेलं. दुसरं जुनं, लोखंडी चाकांवरचं, तेलाच्या टाकीत तारेचं वेटोळं बुडवलेलं. हे दुसरं इतकं अवजड होतं की दुकानातला माणूस त्याच्यावर बसून जेवत होता. मी दोन्हींची माहिती विचारली, आकडेमोड केली आणि नव्याला पसंती दिली. तिथेच सौदा केला असता तर ही गोष्ट तुम्हाला सांगावी लागली नसती. पण मोठी वस्तू घेताना वडील माणसाला दाखवावी, ही आमच्या घरची रीत. मी आबांना घेऊन आलो.

आबा म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याकडे त्यांची सगळी हयात बैल पारखण्यात गेली. दोंडाईच्याच्या बाजारात आबांनी मान हलवल्याशिवाय आमच्या गावचा माणूस बैलाच्या दाव्याला हात लावत नसे. आबा दुकानात आले, त्यांनी दोन्ही मशिनांभोवती एक फेरी मारली, नव्याच्या पाठीवर थाप मारली आणि नाक मुरडलं.

"हाऊ पहिल्याच तासले बसी जाई," ते म्हणाले. मग जुन्याला खांदा लावून ढकलून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. आबांचा चेहरा फुलला. "हाऊ दख, सुकदेव. कसा निब्बर शे!"

मी त्यांना पंखा समजावून सांगायला गेलो. बैलाला पंखा लागतो का, असं त्यांनी विचारलं. आता वडिलांपुढे गणित तरी काय करणार? शेवटी आबांनीच तोडगा काढला. बैल घेताना काय करतात, तर चार दिवस घरी नेऊन जुंपून पाहतात, पटला तर ठेवतात. "घर बांधीसन दखसूत. पटना ते ठेवसूत, नही ते परत."

भिकमचंद शेठ ताबडतोब कबूल झाले. ते मशीन दुकानातून बाहेर निघतंय, याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी आम्हाला दुसऱ्यांदा चहा पाजला.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी बैलगाडीतून मशीन घरी आलं. ऊन असं की फरशीवर पापड भाजावा. मी मशीन थेट पडवीत नेणार होतो, पण आबा दारात आडवे आले. नवा बैल घरात येताना त्याच्या पायांवर पाणी घालतात, कुंकू लावतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. ते झाल्याशिवाय आत न्यायचं नाही. मी म्हणालो, आबा, याला पाय नाहीत. आबा म्हणाले, मग चाकांवर घाल. केसरने माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि चाकांवर अगदी बेताने पाणी घातलं. तिने कुंकू लावलं, तुकडा ओवाळला. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. मी जरा मागे उभा राहिलो, माझा या प्रकाराशी संबंध नाही असा.

मग मी हातपाय धुवायला आणि ताक प्यायला आत गेलो. एवढाच वेळ माझी नजर मशीनवरून हटली.

बाहेर आलो तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. चाकं पुसली, मशीन पडवीत घेतलं, मीटरजवळून जाड वायर ओढली. झोक्याचे पाइप मापात कापून ठेवलेले होतेच. काळ्या काचेचा मुखवटा चढवून मी आबांना सांगितलं, आता लांबून बघा, आणि बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. आबा खूश झाले. मग आतून कढईत ओली भजी सोडावीत तसा आवाज आला, झाकण थडथडलं आणि धडाम! पडवीत काळा धूर कोंदला. बाहेर खांबावर फटाका फुटल्यासारखं झालं, आणि शेजारच्या रेडिओवरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला. धूर विरला तेव्हा मी फरशीवर बसलेलो होतो. मला काही झालेलं नव्हतं, फक्त मिश्या पिंजल्या होत्या.

"लाथ मारी त्यानी," आबा शांतपणे म्हणाले.

आमच्या गल्लीच्या टोकाला दलिचंदची पिठाची चक्की आहे. उद्या आखाजी म्हणजे घरोघर मांडे, आणि मांड्यांचे गहू घेऊन अख्खी गल्ली त्या वेळी चक्कीवर बसलेली. चक्की थांबली. चौकशी करत करत बायका खांबापासून तारेमागे निघाल्या आणि माझ्या फाटकाशी येऊन थांबल्या. प्रत्येकीच्या कडेवर डबा, आणि प्रत्येकीच्या मनात मी! कोणाची लेक बसमधून उतरायची होती, कोणाचे जावई येऊन बसले होते. मी वीज म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो, पण त्या सगळ्यांना ती फक्त परत हवी होती.

या गर्दीतून शेजारच्या तानुबाई पुढे आल्या. त्यांचा नवरा झुलाल ट्रक चालवतो. त्यांना माझी दया आली असावी. त्या बायकांना म्हणाल्या, "मास्तरले कशाले बोलतस? मशीनच खोडीलं शे. मी ते त्याले पोटभर पाणीबी पाजेल व्हतं."

मी विचारलं, कुठून पाजलं?

तानुबाईंनी मशीनच्या डोक्यावरचं भोक दाखवलं. तेल घालायचं ते भोक, त्याचं बूच भिकमचंद शेठच्या दुकानातच हरवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की झुलाल ट्रक घेऊन उन्हातून आला की आधी ट्रकच्या तोंडात पाणी ओततो, मग स्वतः पितो. एवढ्या उन्हातून आलेलं मशीन, त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि तोंडाला कोणी लावलं नाही, हे त्यांना काही बरं दिसलं नाही. मी आत ताक पीत होतो तेव्हा त्यांनी अख्खी कळशी ओतली होती.

आता या बाईवर रागवायचं तरी कसं? आबा तर म्हणाले की इतक्या बायका जमल्या होत्या, पण शहाणी एकच निघाली.

जीवराम लाइनमन सायकलवरून आला, खांबावर चढला आणि त्याने फ्यूज बांधून दिला. चक्की पुन्हा सुरू झाली, बायका डबे उचलून पळाल्या. जाताना जीवरामने माझ्याकडून कबूल करून घेतलं, की मास्तर, काहीही झालं तरी हे मशीन पुन्हा तारेला लावायचं नाही.

मी पाइपांकडे बघत पायरीवर बसून राहिलो. बाजारातली वेल्डिंगची दुकानं सणासाठी बंद झाली होती. केसर माझ्याकडे पाठ करून कणीक तिंबू लागली, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. पोरीला मी झोक्याच्या नावावर आणवलं होतं. सासरी परत गेल्यावर तिला पहिला प्रश्न झोक्याचाच येणार होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. पुतण्या वना पिशव्या घेऊन पुढे, मागे हीरा. उन्हाने चेहरा लाल झालेला, अंगावर हिरवं लुगडं. ती आईच्या गळ्यात पडली, आबांच्या पाया पडली आणि माझ्या मिश्यांकडे बघत उभी राहिली. मी नजर चुकवून म्हणालो, "झोका जरा व्हायचाय अजून."

आबा उठले. गाडीचा नाडा आणला, म्हणजे ओझं आवळायचा तो जाड दोर. लाकडं बांधावीत तसे त्यांनी पाइप बांधले. दोन इकडे, दोन तिकडे, दोन्हीकडे तळाला एकेक, वर एक आडवा आणि त्याला दोराचा झोका. अशा गाठी मारल्या की लोखंडाला श्वास घेता आला नसता. पण हीराने पहिला झोका घेतला आणि सगळा सांगाडा माझ्या सुंदर फरशीवरून सरकत फाटकाकडे निघाला! खड्डे करून पाय पुरायला जमीन कुठे होती? तळाला वजन पाहिजे होतं, हलता हलणार नाही असं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून मशीन अंगणात ढकलत आणलं आणि एका बाजूच्या पायांना बांधलं. ती बाजू गच्च बसली. दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन घरात एकच होतं. मी तळच्या पाइपावर ठाण मांडून बसलो. आबांनी दोन्हींभोवती एक फेरी मारली, डोळे बारीक करून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"जोडी बरी जमनी," ते म्हणाले.

आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या लेकी आमच्या अंगणात आल्या. मी सकाळी बसलो तो जेवायलाच उठलो, आणि तेवढा वेळ वनाला बसवलं तर तो हलका पडला. भिकमचंद शेठ आखाजीचं भेटायला म्हणून आले. मी काही सांगण्याआधीच त्यांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मांडा खाल्ला आणि परत न्यायचा विषय न काढता निघून गेले.

उन्हं कलल्यावर पोरी पांगल्या. हीरा एकटीच झोक्यावर राहिली. हलके हलके झोके घेत ती गुणगुणत होती. मला वाटलं, काय झालं ते आता बोलून टाकावं. मी खालूनच म्हणालो, "पोरी, सासूबाईंना काय सांगशील? त्यांच्याकडे चिंचेचा झोका, आणि इथे हे असं."

हीराने पाय टेकवून झोका थांबवला. "नाना, झोका तर तिकडेही होता," ती म्हणाली. "मी काय झोक्यासाठी आले?"

असला बाप आणि असली लेक! मी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले आणि लटक्या रागाने म्हणालो, "मग आधी सांगायचं होतंस. उगाच मशीनच्या फंदात पडलो नसतो मी."

हीरा काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून केसरचा आवाज आला.

"तरीही पडलेच असते हे."