डॉक्टर दाबक्यांचा सत्कार

इंग्रज माणूस जे बोलतो ते उलटं करून ऐकायचं, म्हणजे बरोबर कळतं, हा डॉक्टर पद्माकर दाबक्यांचा स्वतःचा शोध होता. लंडनजवळच्या पिनरमधल्या त्यांच्या घरी भारतातून नवीन कोणीही आलं की त्याला चहाबरोबर हा शोधही प्यावा लागे. साहेब 'नॉट बॅड' म्हणाला की समजायचं, उत्तम झालं. 'तुमची सूचना जरूर विचारात घेऊ' म्हणाला की ती केराच्या टोपलीत गेली. अठरा वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूल देता देता त्यांनी हे ज्ञान कमावलं होतं. पेशंट झोपलेले असल्यामुळे तिथे ऐकवायची सोय नव्हती. म्हणून उरलेलं सगळं महाराष्ट्र मंडळाच्या वाट्याला येई.

ॲशग्रोव्ह कम्युनिटी कॉलेजचं नाव मात्र त्यांच्यासमोर काढायची चोरी होती. त्यांची बायको सुलक्षणा दर मंगळवारी संध्याकाळी तिथे प्रथमोपचार शिकायला जायची. जवळच्या नर्सरीत तिला मदतनिसाची नोकरी मिळत होती, पण प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट आणलं तरच. लग्नानंतरची तिची ही पहिली नोकरी होणार होती. तिने रात्रंदिवस तोच ध्यास घेतला होता. घरातल्या खुर्च्यांच्या पायांनासुद्धा ती बँडेज बांधून बघायची.

"घरात डॉक्टर असताना बायको बाहेर जाऊन मलमपट्टी शिकते," पद्माकर म्हणत. "उद्या हलवायाच्या बायकोने दुकानातून पेढे आणावेत."

"तुम्हाला विचारलं तर म्हणता, तुला कळायचं नाही."

"मग काय खोटं म्हणतो? आणि त्या कॉलेजात ॲडमिशनला मार्क किती लागतात?"

"मार्क नाही लागत. जाऊन नाव सांगायचं."

"ज्यात शिरायला मार्क लागत नाहीत त्याला कॉलेज नाही, बसस्टॉप म्हणतात."

आणि एका शनिवारी त्या बसस्टॉपवरूनच फोन आला. कॉलेजची सेक्रेटरी मिसेस प्रॅट बोलत होती. कॉलेजला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली, त्यानिमित्त ओपन ईव्हिनिंग आहे, डॉक्टरांनी स्टेजवर अर्धा तास दिला तर फार उपकार होतील. तयारी काही नको. कपडे साधेच असू द्या. माणसं फारशी नसतील. बाकी मिसेस दाबक्यांनी सांगितलंच असेल.

मिसेस दाबक्यांनी सांगितलं होतं, पण ते जेवताना, बातम्या चालू असताना. पद्माकरांनी बायकोकडून ऐकलेलं उलटंही केलं नव्हतं आणि सुलटंही, मुळात ऐकलंच नव्हतं. मिसेस प्रॅटचं मात्र त्यांनी जागच्या जागी उलटं केलं. तयारी काही नको, म्हणजे भाषण जोरदार हवं. कपडे साधे, म्हणजे थ्री-पीस सूट. माणसं फारशी नसतील, म्हणजे हॉल खचाखच. डॉक्टरला स्टेजवर बोलावतात ते कशाला? प्रमुख पाहुणा म्हणून! आपल्याकडे तर शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल.

"तुम्ही खरंच हो म्हणालात?" सुलक्षणाने विचारलं. तिचा विश्वास बसेना.

"म्हणणारच. एवढं अडलंय त्यांचं."

"सगळ्यांसमोर संकोच नाही ना वाटणार?"

"मला? अगं, मला सवय आहे."

सुलक्षणाचे डोळे भरून आले. त्याच स्टेजवर तिची परीक्षा होणार होती, आणि पेशंट व्हायला प्रत्येकीने घरचं माणूस आणायचं होतं. बाकीच्या बायकांचे नवरे आढेवेढे घेत होते, आणि आपला माणूस, ज्याने आजवर चहाचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला नाही, तो आपल्यासाठी चारचौघांत फरशीवर आडवा व्हायला तयार झाला! त्या रात्री तिने श्रीखंड केलं. पद्माकरांना वाटलं, प्रमुख पाहुण्याची बायको झाल्याचा आनंद आहे.

भाषणासाठी त्यांनी कॉलेजचं माहितीपत्रक मागवलं आणि नाक मुरडत वाचलं. म्हणे एकोणीसशे अकरा साली बड्या घरच्या मोलकरणींना स्वयंपाक शिकवायला हे निघालं. युद्धात तिथे पॅरॅशूट शिवायला शिकवलं, युद्धानंतर टायपिंग. आता काय, तर केकवर आयसिंग, खुर्च्यांच्या गाद्या भरणे, कुत्र्यांचे केस कापणे, आणि भारतीय स्वयंपाक, शिकवणार मिसेस ब्लंडेल.

"मोलकरणींपासून कुत्र्यांपर्यंत," पद्माकर समाधानाने म्हणाले. "प्रगती आहे."

आता सत्कार. इंग्रजांना सत्कार करता येत नाही, एक ग्लास शेरी हातात देतात आणि हवेबद्दल बोलतात. म्हणून पद्माकरांनी शाल स्वतःच विकत घेतली, वेम्बलीहून नारळ आणला आणि दोन्ही डॉक्टर शशिधरच्या हवाली केली. हा मंडळातला त्यांचा जुना मित्र, म्हणजे जुना शत्रू. गेल्या वर्षी तो एका शाळेच्या स्पोर्ट्स डेला कप वाटून आला होता आणि अजून ते कप वाटतच होता.

"भाषण संपलं की तू उठायचं आणि मला शाल पांघरायची. अचानक सुचल्यासारखं," पद्माकरांनी बजावलं.

"तुझी शाल, तुलाच?"

"तुझी असती तर एव्हाना मंडळाला कळलं असतं."

ओपन ईव्हिनिंगला मंडळाची माणसं पहिल्या दोन रांगा अडवून बसली. पद्माकर सुटात अवघडून चालत होते. मुलगी मंजिरी म्हणाली, "बाबा, तुझी टाय वाकडी झाला." ती पिनरचीच, तिच्या मराठीकडे घरात कोणी लक्ष देत नसे. सुलक्षणाने सूट पाहिला आणि तिला वाईट वाटलं.

"अहो, चुरगळेल ना तो."

"चुरगळू दे. क्षण मोठा आहे."

प्रथमोपचार शिकवणाऱ्या मिसेस हॉब्ज माइकवर आल्या. या गृहस्थांना डोक्याला मार लागला आहे, जबडाही मोडला असावा, मिसेस दाबके आता त्यांना सांभाळतील, असं त्यांनी सांगितलं. पद्माकर तेव्हा विंगेत चष्मा पुसत होते. त्यांना फक्त स्वतःचं नाव आणि टाळ्या ऐकू आल्या. ते स्टेजवर गेले, खिशातून कागद काढले, घसा खाकरला.

"लेडीज अँड जेंटलमेन! एकोणीसशे अकरा साली, मोलकरणींनी भरलेल्या या खोलीत..."

सुलक्षणा बँडेज घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. तिने कागद पाहिले. पहिल्या रांगेत शशिधरच्या मांडीवरची शाल पाहिली, नारळ पाहिला. सगळं तिच्या लक्षात आलं. श्रीखंड वाया गेलं होतं.

"बघा हं," मिसेस हॉब्ज प्रेक्षकांना म्हणाल्या, "डोक्याला मार लागलेला माणूस असाच बरळतो. त्याला वाटतं, साल एकोणीसशे अकरा आहे."

हॉल हसला. पद्माकरांना वाटलं, विनोद पोचला. ते जोरात पॅरॅशूटवर आले. परीक्षक हातात पेन घेऊन सुलक्षणाकडे पाहत होते. तिची नोकरी त्या पेनाच्या टोकावर होती.

तिने पदर खोचला.

"झोपा," ती मराठीत म्हणाली.

"अगं, माझं भाषण..."

"पेशंट आहात तुम्ही. मी जेवताना सांगितलं होतं. झोपा."

अठरा वर्षं दुसऱ्यांना झोपवणारा माणूस पहिल्यांदा बायकोच्या एका शब्दावर झोपला. तरी तोंड चालूच होतं. "कुत्र्यांचे केस..." एवढं बाहेर पडलं, तोवर हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टा आला आणि करकचून गाठ बसली.

आणि शशिधर उठला. भाषण संपल्यावर उठायचं ठरलं होतं, आणि भाषण तर याहून जास्त संपणं शक्य नव्हतं. त्याने वर जाऊन आडव्या पद्माकरांवर शाल पांघरली आणि नारळ छातीवर ठेवला. मंडळीत दोन-तीन हात नकळत नमस्काराला जुळले.

"शाबास!" मिसेस हॉब्ज म्हणाल्या. "पेशंटला उबेत ठेवायचं." नारळाचं काय ते त्यांना कळलं नाही.

सुलक्षणा पास झाली. इतक्या बडबड्या पेशंटपुढे तुम्ही शांत कशा राहिलात, असं परीक्षकांनी विचारलं.

"सराव आहे," ती म्हणाली.

जाताना प्रिन्सिपॉल मुद्दाम भेटले. "डॉक्टर, आमच्या कॉलेजविषयी तुम्ही बोललात ते फारच इंटरेस्टिंग होतं. पुन्हा जरूर या."

"बाबा," मंजिरी म्हणाली, "हा वाक्य उलटा ऐकायचा की सरळ?"

पट्टा अजून सुटला नव्हता, त्यामुळे बाबा काही बोलले नाहीत.

तो सुटला गाडीत. सुलक्षणा मांडीवर सर्टिफिकेट घेऊन खिडकीबाहेर पाहत होती.

"मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी येताय," ती म्हणाली.

पद्माकरांनी जबडा चोळला. नारळ पायाशी गडगडत होता.

"अगं, तुझ्यासाठीच तर आलो होतो!"

या देशात सुलक्षणालाही अठरा वर्षं झाली होती. तिने ते उलटं करून ऐकलं आणि खिडकीची काच वर केली.