अस्वलाने तक्ता करून वस्ती निवडली

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत असे. जंगलाचं नाव मी सांगणार नाही. नाव फुटलं की तिथल्या गुहांना मागणी येते.

अस्वल शिकलेलं होतं. म्हणजे कुठलंही काम करण्याआधी ते सागाचं मोठं पान घेऊन बसे आणि नखाने त्यावर रकाने आखी. रकाने आखून झाले की त्याला काम झाल्यासारखं वाटे.

त्याला दोन पिल्लं होती. थोरला टेंभू आणि धाकटी उंबरी. गुहेत पूर्वी चौघं राहत. मागच्या हिवाळ्यात तिघं उरली. गुहा मात्र तेवढीच राहिली.

आता तुम्हाला माहीत असेल, अस्वलाची पिल्लं लहानपणी मोठ्यांच्या पाठीवर बसून फिरतात. मग एक दिवस आपणहून खाली उतरतात आणि हळूहळू अस्वलं होतात. टेंभू वेळेवर उतरला होता. उंबरी मात्र आई गेली त्या दिवशी बापाच्या पाठीवर चढली, ती उतरलीच नाही. जेवायची पाठीवर, झोपायची पाठीवर. बोलणंही जवळजवळ बंद. न उतरणारं पिल्लू पुढे स्वतःचं पोट भरायला शिकत नाही, हे अस्वलाला ठाऊक होतं. त्याने प्रेमाने सांगून पाहिलं. रागावून पाहिलं. एकदा तर नदीत जाऊन बसून पाहिलं. उंबरी त्याच्या डोक्यावर सरकली.

शेवटी अस्वलाने ठरवलं, जागाच बदलायची. कदाचित नव्या ठिकाणी ती उतरेल. शेजाऱ्यांना त्याने कारण सांगितलं, "शाळा लांब पडते." ते खरंही होतं. शाळा पहिल्यापासून लांबच होती.

त्या काळी जंगलाच्या कडेला नव्या वसाहती झाल्या होत्या. लेकुरवाळी मंडळी दाट रान सोडून तिकडे जात. अस्वलाने पान घेतलं आणि बावीस रकाने आखले. सुरक्षितता. पाणी. सावली. शाळेचं अंतर. वाघाचं अंतर. शेजाऱ्यांचं शिक्षण. 'उंबरी खाली उतरते का' असा रकाना करायचा तेवढा राहून गेला. शिकलेल्या अस्वलांचं असं होतं, मुलांनो. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या.

जागा दाखवायला कोकिळाबाई आल्या. त्यांनी जन्मात कधी घरटं बांधलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलताना त्यांचा आवाज फार गोड लागे.

पहिली वसाहत होती 'मृगेंद्र विहार'. दाराशी दोन मुंगसं. त्यांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, येण्याचं कारण विचारलं. आत सगळं स्वच्छ. जागोजागी वारुळं होती आणि प्रत्येकावर पाटी होती, 'शोभेचे आहे. हात लावू नये.'

"मुलांसाठी याच्याइतकी उत्तम जागा नाही बरं का," कोकिळाबाई म्हणाल्या. "माझी स्वतःची तीन मुलं इथे वाढली."

"आपण इथे राहत होता?"

"मी? छे हो! मी नुसती ठेवून गेले. पण इथली मंडळी इतकी सभ्य, की हे कुणाचं म्हणून एकानेही विचारलं नाही."

अस्वलाने 'शेजारी' या रकान्यात दहापैकी दहा लिहिले.

"इथे मुलं दिसत नाहीत," टेंभू म्हणाला.

"क्लासला गेलीत बाळ. ससे पळण्याच्या, हरणं उड्यांच्या, बेडूक पोहण्याच्या."

बेरीज ब्याण्णव झाली. अस्वल खूश झालं. "उंबरे, उतरतेस का गं? बघ किती छान हिरवळ आहे."

उंबरीने त्याच्या मानेचे केस आणखी घट्ट धरले. हिरवळीवर उतरायला मनाई आहे, असं मुंगसानेही सांगितलं.

दुसरी वसाहत टेकडीवर होती. तिथे शाळा अगदी दाराशी. मुख्याध्यापक घुबड होते. ते दिवसभर झोपत, म्हणून शाळेत शांतता फार. शेजारच्या झाडावरून एक वानरीण खाली आली आणि चौकशी करू लागली.

"मुलांचा अभ्यास कोण घेतं? वहिनी?"

"वहिनी नाहीत."

"अच्छा. मागाहून येणार वाटतं?"

"नाही," अस्वल म्हणालं, आणि शाळेचं अंतर पावलांनी मोजायला निघून गेलं. चाळीस पावलं भरली. त्याने परत मोजलं. तेव्हाही चाळीसच भरली.

इथे सत्त्याऐंशी गुण पडले. उंबरी उतरली नाही.

तिसऱ्या वसाहतीकडे जाताना वाटेत एक ओढा लागला. आजूबाजूला नुसते खडक. अस्वल पाणी प्यायला वळलं, तोच खालून कुणीतरी ओरडलं.

"ओ भाऊ! खाली बघून चाला की! मोहाची फुलं वाळत घातलीयेत माझी!"

ती साळूबाई होती. साळिंदराची जात, काटे फुलवून उभी.

"चुकलं बाई," अस्वल म्हणालं.

"चुकलं तर चुकलं. आधी तो पाय उचला." मग तिने वर पाहिलं. "आणि एवढी मोठी पोर पाठीवर? पाय दुखतात का तिचे?"

"नाही. सवय आहे."

"तिची का तुमची?"

अस्वलाने पान उलटसुलट पाहिलं. असा रकाना नव्हता.

तेवढ्यात साळूबाईची मुलगी धावत आली. काट्या-काट्यांत चिखल. अस्वलाकडे तिने पाहिलंही नाही. उंबरीला म्हणाली, "ए, लगोरी खेळायला येतेस? आमच्यात एक कमी आहे."

उंबरीने बापाच्या कानामागून डोकं बाहेर काढलं.

"लवकर सांग. नाहीतर घोरपडीला घ्यावं लागेल. ती फार रडी आहे."

"आमच्यातपण एक कमी आहे," उंबरी म्हणाली.

"बरं मग," मुलगी म्हणाली. "दादाला पण आण. नेम बरा आहे ना त्याचा?"

अस्वलाच्या पाठीला एकदम वारा लागला. कितीतरी महिन्यांनी. ते थोडा वेळ तसंच वाकून उभं राहिलं, पाठीवरचं कुणी पडू नये म्हणून उभं राहावं तसं.

"सरळ व्हा की आता," साळूबाई म्हणाली.

कोकिळाबाईंचा जीव वरखाली होऊ लागला. "इथे नका हो थांबू! ही काय वस्ती आहे? शाळा डोंगरापलीकडे. ओढा वैशाखात आटतो. मी माझं एकही मूल इथे ठेवलेलं नाही."

"का बरं?"

"इथल्या बायका भारी चौकस. दिवेलागणीला घराघरांत डोकावून पोरं मोजतात. एखादं जास्त निघालं तर रानभर विचारत सुटतात, कुणाचं आहे म्हणून. आणि कमी निघालं, तर मग बोलायलाच नको!"

अस्वलाने 'शेजारी' या रकान्यात शून्य लिहिलं. पुढे शेरा मारला, 'चौकशा फार.' एकूण अकरा गुण झाले.

"उंबरे, चल. अजून एक वसाहत बघायची आहे."

"थांबा हो बाबा! डाव चाललाय!" खडकामागून आवाज आला. आवाज उंबरीचा होता. मोठा होता.

अस्वल खडकावर बसलं. त्याच्यापुढे मोठा पेच होता. अकरा गुणांच्या जागेत राहणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग त्याने तक्ता पुन्हा तपासायला घेतला. शाळा लांब, म्हणजे पिल्लांना चालणं घडेल. दहा गुण. ओढा आटतो, म्हणजे पाणी जपून वापरायची सवय लागेल. नऊ गुण. साळूबाईचे काटे त्याने जवळून पाहिले होते. सुरक्षितता दहा. शेजाऱ्यांच्या शिक्षणाचा रकाना त्याने नखाने खरवडून काढला. तो मुळातच अशास्त्रीय होता. त्या जागी नवा रकाना आखला, 'संकीर्ण'. त्यात साठ दिले. बेरीज केली. चौऱ्याण्णव. मृगेंद्र विहारपेक्षा दोन जास्त!

कोकिळाबाईंनी ते पान पाहिलं आणि त्या उडून गेल्या.

ऊन कलल्यावर अस्वलाने पिल्लांना बोलावलं, घसा साफ केला आणि म्हणालं, "मुलांनो, मी सर्व बाजूंनी अभ्यास केला आहे. आपण इथेच राहायचं."

"हो का?" टेंभू म्हणाला. "आम्ही साळूमावशींकडे जेवलोसुद्धा. त्या वरच्या खडकाखाली एक गुहा रिकामी आहे. उंबरी बघून आली."

"चला तर मग. उंबरे, दमली असशील. बस पाठीवर."

"नको. पाय आहेत मला."

"चढ आहे गं."

"असू दे."

तिघं चालू लागली. अस्वल मधून मधून थांबत होतं, उंबरी मागे राहिली का ते बघायला. ती पुढे होती.

तात्पर्य: मुलांसाठी वस्ती निवडणं हे गंभीर काम आहे. ते भावनेच्या भरात करू नये. बावीस रकान्यांचा तक्ता करावा, गुण द्यावेत, बेरीज दोनदा तपासावी. फक्त मुलं कुठे रमली ते आधी बघून घ्यावं, म्हणजे बेरीज चुकत नाही.